मतपत्रिकेवरची रुगैया

माक वाफिकला निवडून यायचं होतं ते एका खड्ड्यामुळे. कचरा पुरण्यासाठी कौन्सिलपुढे जी जागा सुचवली होती, ती गोड्या पाण्याच्या विहिरींना अगदी लागून होती. विहिरींचं पाणी दर आठवड्याला तीच तपासायची; वाळूतून ते किती लवकर झिरपतं हे तिला ठाऊक होतं. निर्णय पुढच्या महिन्यात व्हायचा होता. कौन्सिलवर जागा एक, उमेदवार दोन: ती आणि होडीवाला तालिब. तालिबला त्या खड्ड्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मतदानाच्या सकाळी नेक हाना काठी टेकत दारात आली.

"काय गं, माघार घेतलीस? कागदावर तुझं नावच नाही."

"आहे की, नेक. रुगैया."

"ही रुगैया कोण?"

"मीच."

म्हातारी बघतच राहिली. "मला वाटलं, बाहेरून आलेली कुणी असेल. मी तालिबला देऊन आले. तेवढंच एक नाव ओळखीचं!"

बेटावर पहिलं मूल झालं की आईबापाचं स्वतःचं नाव सुटतं; मुलाच्या नावाने आई 'माक' होते, बाप 'पाक', आणि नातवंड झालं की 'नेक'. तिचा वाफिक बावीस वर्षांचा होता, म्हणजे तिला रुगैया म्हणून कुणी हाक मारली त्यालाही तेवढीच वर्षं झाली होती. तालिबला मूलबाळ नव्हतं. तो जन्मापासून तालिबच होता. अर्ज भरताना तिला हे सुचलंच नाही.

ती घरोघर निघाली. स्वतःचं नाव सांगताना प्रत्येक अंगणात तिला लाजल्यासारखं झालं.

"लग्नात ऐकलं होतं बघ हे!" नारळ सोलता सोलता पाक सेल्मा हसला. "अजून काय काय लपवलंयस?"

"मत दिलंत का ते सांगा आधी."

तो हसायचा थांबला. "सकाळीच दिलं गं."

ती नऊ मतांनी हरली.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर नमुना घेत असताना तालिब आला आणि थोडा लांबच उभा राहिला.

"नेक हाना भर रस्त्यात माझ्याकडे मत परत मागतेय," तो म्हणाला.

"मत राहू दे. खड्ड्याचं काय?"

"मला त्यातलं काही कळत नाही, माक वाफिक."

"मग बस इथे."

तिने वही उघडली. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या शौचालयाची टाकी फुटली, तेव्हा सहाव्या दिवशी ते पाणी विहिरीत आलं होतं. त्या आठवड्याचे आकडे तिने त्याला एकेक करून दाखवले. त्याने दोनदा विचारलं, तिने दोनदा सांगितलं.

"सभेत मला हे असं बोलता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "तू ये. तू बोल, मी हात वर करीन."