कॅलानाचं फाटक

चष्मा काढताना लिंडसेच्या खिशातून हातभर तार बाहेर आली. गंजकी, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. त्याने ती मांडीवर टाकली, चष्मा चढवला आणि गाडी तशीच चालवत राहिला.

"ही कसली तार?" मी विचारलं.

"असेल कुठलीतरी."

ॲडलेड सोडून दुसरा दिवस होता. हजार किलोमीटर मागे पडले होते, अजून दोनशे बाकी होते. जानेवारीच्या उन्हात काचेला हात लावायची सोय नव्हती आणि माझी कंबर तर सकाळीच कामातून गेली होती. पण खरं सांगायचं तर मी दमले होते ते मुलीशी खोटं बोलून. जॅनीन दारात उभी राहून म्हणाली, "आई, इथेच राहा दोघं. बाबांना हा रस्ता झेपायचा नाही आता." मी म्हटलं, "त्यांना काही झालेलं नाही." डॉक्टरने पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातला लिंडसेला एक आठवला. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर त्याने गोल काढला, आकडे लिहिले आणि काटे काढायचे राहूनच गेले. बाहेर आल्यावर मला म्हणतो, "त्या पोराला म्हणावं, एक पंप उघडून परत बसवून दाखव."

अडतीस वर्षं तो आमच्या भागातल्या बोअरवरचे पंप दुरुस्त करत होता. आमच्याकडे गुरांना पाणी मिळतं ते जमिनीखालून, आणि पंप बिघडला की लिंडसे येईपर्यंत मालकसुद्धा त्याला हात लावत नसत.

मी पुन्हा तारेकडे बघितलं.

"लिंडसे, ही कॅलानाच्या फाटकाची तार आहे का?"

कॅलाना म्हणजे कीननांचं रान. वाट वाचवायची म्हणून दुपारी आम्ही त्यातून आलो होतो. फाटकांसाठी शेजारी बसलेल्याने उतरायचं, आणि फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं, ही आमच्याकडची रीत. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. पोरं हे चालायच्या आधी शिकतात. दुपारी माझा डोळा लागला होता, म्हणून हा स्वतः उतरला. साखळीच्या आवाजाने मी जागी झाले तेव्हा तो परत गाडीत बसत होता. मीही मूर्खासारखी काही विचारलं नाही.

त्याने करकचून ब्रेक लावला.

"बंदच असतं ना ते?"

"तारेने उघडं बांधलेलं असणार. ही तार उगाच का कोणी गुंडाळेल? गुरं अलीकडे चरतात, हौद पलीकडे आहे."

"कीननांचा रॉस त्या बोअरवर गुरुवारी फिरकतो," तो म्हणाला. "आज सोमवार." ह्या उन्हात पाण्याविना गुरं दोन दिवस काढणं कठीण. त्याला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. "मागे फिरू."

"डिझेल बघ आधी."

काटा तळाला आला होता. पुढच्या डिझेल पंपापर्यंत कसंबसं पुरलं असतं. मागे गेलो असतो तर वाटेतच बसलो असतो.

उरला गाडीतला बोलायचा-ऐकायचा रेडिओ. टेकडीवरच्या टॉवरच्या कृपेने त्यावर बोललेलं दीडशे किलोमीटरमधल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ऐकू जातं, आणि ऐकायला सगळ्यांना वेळच वेळ असतो. मी माइक उचलला.

"मी लावलं म्हणून सांगते," मी म्हटलं. "फाटकं माझीच असतात."

त्याने अडवलं नाही. त्याचं मला बरंच वाटलं, हेही कबूल करते.

"कॅलाना, मी वेरना ट्रेगेन्झा. टेस, आहेस का गं?"

"बोल वेरना," रॉसची सून म्हणाली. "कधी निघालात?"

"काल. ऐक, जुन्या बोअरचं फाटक मी येताना लावून घेतलं गं. उघडं बांधलेलं होतं. झोपेत होते, चुकलं माझं."

टेस बोलायच्या आत बर्नी मधे घुसला. रस्ते सपाट करायच्या यंत्रावर दिवसभर एकटा बसलेला असतो, त्यामुळे कोणाच्याही बोलण्यात तोंड घालतो. "वेरना, शहरात चार दिवसांत फाटक विसरलीस? आठवडा राहिली असतीस तर मलाही विसरली असतीस."

"तुला विसरायला आठवडा कशाला लागतो रे?"

"लिंडसे, बायकोला पुन्हा पहिलीत बसव बाबा."

मी हसले. लिंडसेने हात पुढे केला. मी माइक सोडेना, तेव्हा त्याने माझी बोटं हळूच सोडवली.

"टेस, लिंडसे बोलतोय. फाटक मी लावलं. ती झोपली होती. तार मी सोडली, खिशात घातली, आणि मला त्यातलं काही आठवत नाही." मग तो म्हणाला, "शहरातल्या डॉक्टरने तेच सांगितलंय. सगळे ऐकताच आहात, तर ऐका. इथून पुढे पंपासाठी मला बोलावू नका."

 

"बरं, लिंडसे," टेस म्हणाली. "मी आत्ताच निघते, तासाभरात उघडते." मग तिनेच विचारलं, "तिथल्या हौदाचा बॉलकॉक गळतोय, हौद भरला तरी पाणी बंद होत नाही. गेल्यावर काय बघू?"

"आधी वरून पाणी बंद कर. मग बॉलची दांडी उचलून धर आणि पाणी सोड. गळायचं थांबलं, तर दांडी वाकलीय. नाही थांबलं, तर आतलं रबर गेलंय. पुन्हा पाणी बंद कर, रबर उलटं करून बसव. महिना निघेल." एकदाही अडखळला नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण डोळे पुसलेले त्याला दिसायला नको होते.

माइक अडकवून तो खाली उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"सरक पलीकडे," तो म्हणाला.

पुढचं फाटक चाळीस किलोमीटरवर लागलं. तो उतरला, साखळी काढली, मी गाडी पलीकडे नेऊन उभी केली. तो लवकर येईना म्हणून आरशात बघितलं. फाटक हातात धरून तो उन्हात उभा होता, माझ्याकडे बघत.

मी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "बंद होतं."

मग त्याने ते लावून घेतलं.