आपोआप येतंय ते

"उद्यापास्नं नव्हं, आजपास्नंच," हंबीरराव म्हणाले. "काउंटरवर बसायचं न्हाय. आत बस, संघाची कागदं बघ. गावाची तोंडं गप हुईस्तोवर."

क्रांती उभीच होती. दूध संस्थेच्या ऑफिसात खुर्च्यांना काही तोटा नव्हता, पण तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. टेबलामागं चेअरमन हंबीरराव आणि त्यांच्या शेजारी संचालक बाळासो, भिंतीकडं तोंड करून. माणूस असा भिंतीकडं बघायला लागला की समजावं, त्याला सगळं कळतंय, फक्त बोलायचं नाही.

"मी काय केलंय, तात्या?"

"तू केलंस असं कोण म्हणतंय?"

"मग?"

"गाव म्हणाय लागलंय की!"

घ्या! म्हणजे कुणीच म्हणत नाही आणि सगळं गाव म्हणतंय. अशा आरोपाला उत्तर तरी द्यायचं कुणाला? क्रांतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कसबा बावड्यातल्या या संस्थेत ती कारकुनीला लागली, ती हातकणंगल्याचं सासर सोडून आल्यावर. नवरा हात उचलायचा. गावाला तिनं कारण कधी सांगितलं नाही, आणि कारण न सांगता परत आलेल्या बाईबद्दल गाव आपल्या मनानं कारणं तयार ठेवतंच. तिनं मान खाली घालून काम केलं. मागं एकदा फॅट कमी लावतात म्हणून मोठा दंगा झाला, तेव्हा तिनंच कॉम्प्युटरचा पडदा अर्धा खिडकीकडं वळवून ठेवला. लिटर, फॅट, दर, ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यांनी बघावं. तेव्हापासून खिडकीवर एक शब्द वाकडा गेला नव्हता. त्याच पडद्यानं आता तिचा घात केला होता.

गेल्या काही दिवसांपासून पडद्याच्या कोपऱ्यात चौकोन उगवायला लागले होते. आधी रमीचे, पैसे जिंका म्हणणारे. मग उघड्याबोडक्या माणसांचे, आणि खाली मोडक्यातोडक्या मराठीत ओळ, 'कोल्हापूर मधील एकटे पुरुष तुमची वाट पाहत आहेत.' एकावर फुली मारली की दुसरा हजर. जिल्हा दूध संघाच्या साइटवर दुधाचा आकडा चढवायला जावं तर भलतंच पान उघडून पुढ्यात. आणि हे सगळं किटल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या डोळ्यांदेखत!

"आपोआप येतंय ते," क्रांती पहिल्या दिवशी म्हणाली. दुसऱ्या दिवशीही म्हणाली. मग रोजच म्हणायला लागली. आणि कुणाच्या तरी कॉलेजातल्या पोरीनं घरी अक्कल पाजळली की, माणूस जे शोधतो त्याच्याच जाहिराती त्याला दिसतात. झालं! गावाला आणखी काय पाहिजे? नवऱ्याला सोडून आलेली बाई, आणि कॉम्प्युटर स्वतः साक्ष देतोय.

काल तर कळस झाला. धोंडुबाई, जिनं क्रांतीला कडेवर खेळवलं ती शेजारची धोंडुबाई, किटली तिच्या हातात न देता कट्ट्यावर ठेवून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "क्रांते, लईच एकटं वाटत असलं तर रीतसर बघूया की एखादा! हे असलं कशाला?" रांग खदाखदा हसली. क्रांतीनं दूध मापलं, फॅट लावली, पावती दिली. घरी जाऊन मात्र घासलेली भांडी पुन्हा घासली, इतकी आदळून की शेजारच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

"कॉम्प्युटरवाल्याला बोलावलंय," हंबीरराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "राजारामपुरीतनं येतोय. आज सगळं धुऊन काढंल. मिटलं की मग!"

तेवढ्यात तो आलाच. वरद नाव त्याचं, पाठीला सॅक, डोक्याला हेल्मेट तसंच. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यानं कॉम्प्युटर चालू केला. हंबीरराव आणि बाळासो मागं उभे राहिले. क्रांती दारात.

"हे कुणी मुद्दाम बघितल्यामुळं येत नाही," वरद म्हणाला. "ब्राउझरमध्ये कुणीतरी एका साइटला परवानगी दिलीय. अलाऊ दाबलं की ती साइट हव्या तेव्हा जाहिराती पाठवते. आणि हा बघा, एक फुकटचा व्हिडिओ प्लेअर घेतलाय. त्याच्याबरोबर बाकीची घाण आत आली. तीच तुमची पानं दुसरीकडं वळवते." मग मान वळवून त्यानं विचारलं, "इथं कुणी लाइव्ह मॅच वगैरे बघितली होती का?"

"मॅच कसली! कुस्ती!" हंबीरराव एकदम खुलले. "सांगलीकडं मैदान लागलं हुतं न्हवं? संध्याकाळचं दूध झालं आणि आम्ही सगळी हितंच बसलो. मोबाइलवर काय मजा येत न्हाय मर्दा. आमचा पैलवान वर बसला, आता चितपट करणार, आणि पडदा काळाठिक्कर! वर लिवलेलं, म्होरं बघायचं तर अलाऊ दाबा. पोरं वरडायला लागली, दाबा तात्या, दाबा! दाबलं."

"आणि प्लेअर?"

"त्ये बी मागितलं त्येनं. घेतलं. फुकट हुतं की!"

वरद गालातल्या गालात हसला. बाळासोंनाही आता तोंड उघडता आलं आणि तेही हसायला लागले. हंबीररावांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "आयला! म्हंजे आमच्याच कुस्तीचा परताप म्हणायचा!"

क्रांतीला त्या हसण्याची इतकी चीड आली की तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"हसू नगासा, तात्या."

हंबीररावांचा हात मांडीवरच थांबला.

"माझ्या नावानं हुतं तवा संचालकांची बैठक बसली. आता तुमच्या नावानं निघालं तर गंमत व्हय?"

"अगं, मशीन हाय ते. चुकून झालं."

"मग संध्याकाळी रांगेम्होरं सांगा. मी दाबलं, क्रांतीचा काय संबंध न्हाय. एवढंच."

"येडी का काय तू!" हंबीरराव चिडले. "चेअरमननं बायांम्होरं उभं ऱ्हाऊन कबुली द्यायची? साफ करालाय न्हवं हा? उद्यापास्नं येणार न्हाय काय. लोकं इसरत्यात."

आणि तिथं क्रांतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजपासून ती खिडकीवर नाही. आजच कॉम्प्युटर साफ. म्हणजे संध्याकाळी गाव काय बघणार? क्रांती उठली आणि चित्रं बंद झाली. संपलंच! मग तिनं जन्मभर ऊर बडवून सांगितलं तरी कोण ऐकणार होतं?

ती तरातरा पुढं आली आणि माऊसवरचा वरदचा हात तिनं सरळ बाजूला केला.

"काय बी काढू नगासा."

"अहो ताई, दहा मिनिटांचं काम आहे. परवानगी काढायची, प्लेअर उडवायचा..."

"मला कळलं. संध्याकाळी काढा, समद्यांम्होरं. तवर हे हाय असंच ऱ्हाईल." मग ती चेअरमनकडं वळली. "मला उठवताय न्हवं? उठतो मी. खरं माझ्या जागी तुम्ही बसायचं, तात्या. दुसरं कोण न्हाय."

"बसतो की! मला कुणाचं भ्या हाय व्हय?"

बोलून गेले खरे हंबीरराव, आणि मग मिशीवरून हात फिरवत राहिले. चेअरमनला शब्द मागं घेता येत नाही, निदान बाळासोंच्या देखत तरी नाही.

संध्याकाळी खिडकीपुढं नेहमीसारखी रांग लागली. चेअरमन स्वतः खुर्चीत बघून बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. क्रांती मागं फॅटच्या मशीनपाशी उभी होती. वरद पुन्हा येऊन स्टुलावर चहा घेत बसला होता. त्याला हे सगळं बघायचंच होतं असं त्याच्या चेहऱ्यावरनं दिसत होतं. रांगेत पहिली धोंडुबाई. तिनं किटलीचं झाकण काढलं, हंबीररावांनी माऊस हलवला, आणि कोपऱ्यात चौकोन उगवला. चांगला ठसठशीत. एकटे पुरुष, कोल्हापूर, वाट बघणं, सगळं जागच्या जागी.

रांगेतल्या माना पडद्याकडं वळल्या. बघा म्हणावं आता. आता बोला!

हंबीरराव खाकरले. "आपोआप येतंय ते," ते म्हणाले.

"आपोआपच येत असणार की!" धोंडुबाई लगेच म्हणाली. "तात्या कशाला असलं बघत्यात?"

"व्हय की, मशीनच बिघडलंय," मागनं कुणीतरी म्हटलं.

"ह्या मशीनींचा काय भरवसा न्हाय बाई!"

एका दमात. एकीलाही शंका आली नाही. क्रांती आठवडाभर घसा फोडून जे सांगत होती, तेच वाक्य, अक्षर न अक्षर तेच. तिच्या तोंडून ते खोटं होतं आणि हंबीररावांच्या तोंडून निघालं की खरं. तिला वाटलं, समोरची सगळी दुधाची कॅनं लाथेनं उलटी करावीत. जाऊ दे गटारात सगळं, लोणार गल्लीपर्यंत वाहत!

"मी येगळं काय म्हणत हुतो?" ती ओरडली. रांगेतल्या बायका दचकल्या. "सांगा की! मी येगळं काय म्हणत हुतो?"

मग ती हंबीररावांकडं वळली.

"तात्या, सांगा ह्यास्नी."

हंबीररावांनी एकदा चौकोनाकडं बघितलं, एकदा रांगेकडं. आणि हसले. "त्यात सांगायचं काय? कुस्तीच्या दिवशी मीच दाबलतं ते बटण. पैलवान वर बसलेला, मला काय सुचतंय व्हय?"

बायका फिस्सकन हसल्या. तात्यांचा कुस्तीचा नाद सगळ्यांना ठाऊक. एकीनं पदर तोंडाला लावला, दुसरी म्हणाली, "कुस्तीपायी ह्येंनी सोताच्या लग्नातली जेवणावळ सोडलेली!" पुन्हा हशा. खरं काय ते सगळ्यांना कळलं होतं, आणि ते कळून कुणाचंही काही अडलं नव्हतं. क्रांतीकडं वळून बघायची गरज एकीलाही वाटली नाही.

"उठा," क्रांती म्हणाली.

"आं?"

"माझी खुर्ची हाय ती. उठा."

हंबीरराव उठले. न उठून करतात काय? त्या आवाजापुढं बाळासोसुद्धा दारातनं बाजूला झाले. वरद येऊन बसला आणि रांगेसमोरच काम करायला लागला. परवानगी काढून टाकली, प्लेअर उडवला, शोधायचं पान होतं तसं परत लावलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सगळ्या वाट बघत थांबल्या. संघाची साइट पहिल्या झटक्यात उघडली, कोपरा मोकळा राहिला. वरदनं सॅक पाठीला लावली आणि जाताना "येतो ताई" असं फक्त तिलाच म्हणाला.

क्रांती खुर्चीत बसली. पदर खोचला. धोंडुबाईनं किटली पुढं केली, या खेपेला कट्ट्यावर नाही, तिच्या हातात.

"मनावर घेऊ नगंस, क्रांते," ती हळूच म्हणाली. "लोकं बोलत्यात."

क्रांतीनं किटली घेतली. पडद्याकडं बघत म्हणाली, "नंबर सांगा."

"कसला नंबर?"

"सभासद नंबर."

प्रत्येक सभासदाला नंबर असतो. तो घातल्याशिवाय दुधाची नोंद होत नाही. पण या खिडकीवर आजवर तो कुणी कुणाला विचारला नव्हता. क्रांती माणूस बघायची आणि नंबर घालायची. कुणाचा भाऊ, कुणाची सून, कुणाची म्हैस कधी व्यायली, सगळं तिच्या डोक्यात असायचं.

"अगं, मी धोंडुबाई की! तुला कडेवर घेऊन..."

"नंबर."

धोंडुबाई मागं वळली आणि रांगेला विचारायला लागली की, बायांनो, माझा नंबर किती गं? रांगेत कुणालाच सांगता येईना. एकमेकींकडं बघत त्या सगळ्या आपापले नंबर आठवायला लागल्या.