नकाशा उघडतोय

"पुरत नाही म्हणजे काय? माझ्याही टेबलावर हाच कॉम्प्युटर आहे. मस्त चालतो," साहेब म्हणाले.

"तुम्ही त्यावर पत्रं लिहिता, साहेब. मला अख्ख्या शहराच्या पाइपलाइनींचे नकाशे उघडावे लागतात."

ही गोष्ट तीन महिन्यांपूर्वीची. पाणी खात्यात बावीस वर्षं नकाशे काढणाऱ्या बाईंचा दणकट जुना कॉम्प्युटर उचलून नेला आणि त्याच्या जागी डब्याएवढा नवा ठेवला. कागदी नकाशे रद्दीत गेले. बाईंनी चार अर्ज केले. चारही अर्जांवर एकच शेरा आला: 'सदर संगणक पुरेसा आहे.'

आज सकाळी फिटरचा फोन आला. शाळेमागे मोठी लाइन फुटली होती.

"ताई, कुठला व्हॉल्व्ह बंद करू? लवकर सांगा, घरात पाणी शिरतंय!"

तिथले व्हॉल्व्ह नुकतेच हलवले होते. अंदाजानं सांगावं, तर दवाखान्याचं पाणी तुटायचं. बाईंनी नकाशा उघडायला घेतला. स्क्रीन पांढरी झाली आणि तशीच राहिली. फोनमधून पाण्याचा आवाज येत होता, कुणीतरी ओरडत होतं. अकरा मिनिटांनी नकाशा उघडला. तोवर एका शिवणकाम करणाऱ्या बाईची खोली गुडघाभर पाण्यात गेली होती.

दुपारी साहेबांनी कागद पुढे सरकवला. 'कर्मचाऱ्याच्या दिरंगाईमुळे...'

"सही करा. नुसती फॉरमॅलिटी आहे."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आधी माझ्या खुर्चीत बसा."

"अहो, पण—"

"बसा म्हणते ना! पुरेसा आहे ना? मग उघडून दाखवा तीच गल्ली."

आवाज इतका चढला, की शेजारच्या खोलीतली माणसं दारात जमली. साहेब बसले. स्क्रीन पांढरी झाली. त्यांनी पुन्हा पुन्हा बटण दाबलं.

"दाबू नका. सगळं पहिल्यापासून सुरू होतं."

सातव्या मिनिटाला साहेब कपाळ पुसत उठले. कुणी हसलं नाही. बाईंनी कागदावरचा 'कर्मचाऱ्याच्या' हा शब्द खोडला, वर 'संगणकाच्या' लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली.

संध्याकाळी बाई शाळेमागच्या गल्लीत गेल्या. शिवणकाम करणारी एकटीच दारात कापडं पिळत होती.

"तुम्ही कोण?"

"पाणी खात्यातली."

मग ती तोंडाला येईल ते बोलली. बाईंनी ओल्या कापडाचं दुसरं टोक धरलं आणि पीळ घालू लागल्या.