एकशे सतरावर थांबलेला नंदू

मित्रांनो, मी सागवानी लाकडाची एक जुनी उंचीपट्टी आहे. मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्यातल्या डॉक्टर विद्याधर सबनीसांच्या दवाखान्यात मी भिंतीला टेकून उभी असते. जोगेश्वरीच्या भीमराज मिस्त्रींनी मला घडवलं. डोक्यावर टेकवायची आडवी फळी त्यांनी पितळी खाचेत बसवली आणि सेंटीमीटरच्या रेघा इतक्या जपून कोरल्या, की डॉक्टर पहिल्या दिवशी बराच वेळ माझ्यावरून नुसता हात फिरवत राहिले.

तेव्हापासून मी किती मुलं मोजली, ते सांगता येणार नाही. मुलं माझ्याशी लबाडी करतात. टाचा उचलतात, मान ताणतात. मग कंपाउंडर मार्तंडकाका हळूच त्यांचे खांदे दाबतात आणि मुलं हसतात. वाढायची घाई असलेल्या मुलांच्या पाठी मला फार आवडतात.

नंदू मात्र टाचा उचलत नसे.

नंदू हा दशरथ परबांचा धाकटा मुलगा. दशरथ आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कांजूरमार्गच्या एका कारखान्यात लागले. सात वर्षांचा असताना नंदूला रक्ताचा कर्करोग झाला. १९८४ साली शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात त्याच्यावर तेव्हा अगदी नवा असलेला उपचार झाला. आपल्या हाडांच्या आत मऊ मगज असतो आणि त्यातच रक्त तयार होतं. जबर औषधं आणि किरण देऊन नंदूचा तो मगज नाहीसा केला. मग त्याची तेरा वर्षांची बहीण वनमाला हिच्या कमरेच्या हाडातून सुईने मगज काढला आणि नंदूच्या शिरेतून आत सोडला. तो रुजला. नंदू वाचला. चाळीने सत्यनारायण घातला.

दरवर्षी मुलाला तपासायला आणा, असं इस्पितळाने सांगितलं होतं. दशरथांनी दोन वर्षं नेलं आणि मग बंद केलं. वॉर्डात नंदूच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. त्याचे वडील आणि दशरथ रोज सोबत चहा प्यायचे. तो मुलगा गेला. तेव्हापासून इस्पितळाचा जिना नुसता दिसला, तरी दशरथ खालीच थबकत. "पोरगो बरो असा. आता कित्याक थंय जावचा?" असं ते घरी मालवणीत म्हणाले. नंदूच्या आईला, रुक्मिणीला, ते पटलं. तीही तिथे जायच्या आधी दोन दिवस जेवत नसे.

१९८७च्या ऑक्टोबरात नंदूचा गुडघा फुटला, म्हणून आईवडील त्याला दवाखान्यात घेऊन आले. मलमपट्टी झाल्यावर डॉक्टर सहज म्हणाले, "जरा उभा राहा रे पट्टीला."

नंदू उभा राहिला. एकशे सतरा.

डॉक्टरांनी त्याचं जुनं कार्ड काढलं. दीड वर्षापूर्वीचा आकडाही एकशे सतराच होता. त्यांनी पुन्हा मोजलं, मग पुन्हा एकदा.

"हा दीड वर्षात वाढलेला नाही," ते म्हणाले.

"तुमची पट्टी जुनी झाली, डॉक्टर," दशरथ तडकून बोलले. "लाकूड फुगतं, आक्रसतं. तिच्यावर काय भरवसा?"

डॉक्टरांनी मार्तंडकाकांना खूण केली. मार्तंडकाकांनी शेजारच्या शिंप्याकडून टेप आणली. टेपनेही एकशे सतराच दाखवले. मित्रांनो, आपण खरे ठरलो याचा मला जराही आनंद झाला नाही. दशरथांचा चेहरा माझ्या समोरच होता.

"शाळेतून आला की झोपतो," रुक्मिणी हळू आवाजात सांगू लागली. "या उकाड्यातही स्वेटर मागतो. पोरं खेळायला घेतात, पण लिंबूटिंबू म्हणून."

"त्याला इस्पितळात दाखवायला हवं, परब."

"बघतो," असं म्हणून दशरथ उठले. त्यानंतर दोन आठवडे त्यांच्या घरून कोणीच आलं नाही.

मग एका दुपारी वनमाला एकटीच आली. ती आता सोळा वर्षांची होती. दवाखाना रिकामा होता, तरी ती दाराशीच उभी राहिली.

"डॉक्टर, माझाच मगज कमी पडला का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे तुला कोण म्हणालं?"

"कोणी नाही. पण त्याच्या अंगात माझंच आहे ना सगळं? मग तो वाढत नाही, तो माझ्यामुळेच."

"इकडे ये, बस. तुझा मगज तीन वर्षं त्याचं रक्त बनवतोय, आणि ते काम नीट चाललंय असं मला दिसतं. ती औषधं आणि किरण होते ना, त्यांनी रोग मारला, पण जाता जाता गळ्यातल्या एका ग्रंथीलाही मार बसला असणार. ती दमली की मूल वाढत नाही. त्यावर गोळी आहे. पण आधी तपासायला हवं."

वनमालाने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊनच आली.

"बाबा, मी दिलेलं चाललंय की नाही, हे मला बघायचंय," ती डॉक्टरांसमोरच म्हणाली. "तुम्ही नाही आलात, तर मी नेते त्याला."

 शेवटी दशरथ म्हणाले, "तो जिना चढवत नाही मला."

"मी येतो तुमच्याबरोबर," डॉक्टर म्हणाले. "वरपर्यंत येतो."

त्या सोमवारी दवाखाना बंद राहिला. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. मी दिवसभर बंद दाराकडे बघत होते.

तपासण्यांत कळलं, की मूळ रोग परतला नव्हता. वनमालाने दिलेला मगज झकास काम करत होता, हे इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला स्वतः सांगितलं. थकली होती ती गळ्यातली ग्रंथी. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, किरणांचा परिणाम बघायला वर्षातून एकदा डोळ्यांच्या आणि बाकीच्या तपासण्या, आणि दर तीन महिन्यांनी माझ्यापाशी उभं राहणं, असं ठरलं.

सहा महिन्यांत नंदू तीन सेंटीमीटर वाढला. तेव्हा डॉक्टरांनी त्याला खरं तेही सांगून टाकलं. "तू वाढशील, पण फार उंच नाही होणार."

"किती? मार्तंडकाकांएवढा?"

मार्तंडकाका बुटके होते. बाटलीत औषध ओतता ओतता ते म्हणाले, "माझ्याएवढा झालास तर काय वाट लागणार आहे का?" त्यावर दशरथसुद्धा हसले.

पुढे दवाखान्यात लोखंडी, वजन-उंचीचं नवं यंत्र आलं आणि माझी जागा दारामागे गेली. माझ्यावर छत्र्या लटकू लागल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नंदू आला की डॉक्टर मला बाहेर काढायला लावत. एकाच पट्टीवर मोजलं तरच खरा फरक कळतो, असं ते म्हणत. मग नंदू माझ्यावरची धूळ बाहीने पुसायचा, आणि आता तो टाचाही उचलायचा.

१९८९च्या डिसेंबरात तो एकशे अठ्ठावीसचा झाला. वनमाला नेहमीसारखी त्याचे कागद धरून बाजूला उभी होती. कार्डावर आकडा लिहून डॉक्टर म्हणाले, "आता तू. चपला काढ."

"मी? मला काय झालंय?"

"काही झालं नसेल तरी विचारायला नको का?"

ती माझ्यापाशी उभी राहिली. एकशे बावन्न. दोन वर्षं ती या दवाखान्यात येत होती, पण तिच्या पाठीचा स्पर्श मला पहिल्यांदाच होत होता. ती पाठ ताठ होती.

"तू कशी आहेस, वनमाला?"

"बरी आहे," ती म्हणाली. डॉक्टर काही न बोलता वाट बघत राहिले. मग ती म्हणाली, "याला साधी सर्दी झाली तरी मी दहा वेळा त्याचं कपाळ बघते. वाटतं, माझंच काहीतरी बिघडलं आत. हे कोणाला सांगू, कळत नाही."

रुक्मिणी उठली आणि लेकीजवळ येऊन उभी राहिली. नंदू बहिणीकडे बघतच राहिला.

मित्रांनो, मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला 'बरा झाला' म्हणून आपण लवकर मोकळे होतो. तसं करू नका. वर्षं गेली तरी त्याला तपासायला न्या, त्याची चौकशी करत राहा. आणि त्याच्यासाठी ज्याने स्वतःचं काही दिलं, त्यालाही विचारा. 'बरा आहे' असं उत्तर आलं, तरी थोडं थांबा.

बाहेर बाकावर चार पेशंट खोळंबले होते. मार्तंडकाकांनी आतलं दार हलकेच लोटून घेतलं, आणि वनमाला बोलू लागली.