पहिला प्रयत्न बाद

दुसऱ्याने केलेलं काम चंद्रकांत पवारला एका फटक्यात पटलं, असं बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आजवर कुणी पाहिलेलं नाही. गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तो तपासणीला आहे. तयार माल उजेडात धरायचा, फिरवायचा, पुन्हा फिरवायचा, आणि मग कुरकुरत पुढे सोडायचा, हे त्याचं काम. ते करता करता तो स्वभावच होऊन बसलेला. बायकोने, स्मिताने, निवडलेले तांदूळसुद्धा हा माणूस एकदा ताटात पसरून बघतो. घर निपाणीकडचं, पण लग्नानंतरची सगळी वर्षं पीण्याजवळच्या दासरहळ्ळीत गेलेली. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि राग आला की दोन्ही.

त्याची एकुलती एक मुलगी रंजिता जन्मापासून आंधळी. शाळेची पुस्तकं, बसच्या पाट्या, बँकेच्या यंत्रावरचा पडदा, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख, सगळं बापाने वाचून दाखवलेलं. दोन शिफ्टच्या मध्ये येऊन वाचलेलं, तापात वाचलेलं. ‘बाप म्हणजे पोरीचे डोळे आहेत हो,’ असं शेजारीपाजारी म्हणायचे आणि चंद्रकांत वरवर ‘छे, छे’ म्हणत आतून पुरीसारखा फुगायचा. खोटं कशाला बोला, आयुष्यात मिरवण्यासारखं त्याच्याजवळ हे एकच होतं.

अशात रंजिताला नोकरी लागली. इंदिरानगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर चार-पाच जणांचं छोटंसं ऑफिस. ज्यांना दिसत नाही त्यांच्याशी संगणकाने नीट बोलावं, म्हणून तिथे काम चालतं. ऑफिसचा मालक प्राणेश स्वतः अर्धवट पाहू शकणारा. त्याने पहिलंच काम असं दिलं होतं की ऐकून चंद्रकांतने हातातला घास परत ताटात ठेवला. स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर बनवणाऱ्या कंपनीने जी संगणकप्रणाली घालून दिलेली असते, तिच्या जागी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवायची. अथपासून इतिपर्यंत स्वतः. डोळस माणसाची मदत घ्यायची नाही. कुठे कान पुरले, कुठे अडलं, ते सोमवारी येऊन सांगायचं.

चंद्रकांतने लगोलग मदत केली. म्हणजे शनिवारी संध्याकाळी मंजुनाथच्या संगणकाच्या दुकानातून लॅपटॉप घेतला आणि तिथेच काउंटरवर बसून तो सुरूही करून ठेवला. पोरीला त्रास नको. नाव विचारलं तिथे स्वतःचं घातलं, फोन नंबर स्वतःचा, पासवर्ड स्वतःचा. पोरीचं बँकेचं खातं त्याने असंच उघडलं होतं, त्यात काही चुकतंय हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. “सगळं रेडी आहे सर, आता कशाला हात लावू नका,” असं मंजुनाथनेही निघताना बजावलं होतं.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर रंजिताने लॅपटॉप मांडीवर घेतला, सगळ्या बाजूंनी चाचपला, खूश झाली. बटण दाबलं आणि बोलणारं सॉफ्टवेअर चालू केलं. लॅपटॉप इंग्रजी हेल काढून म्हणाला, “वेलकम, चंद्रकांत हंबीरराव पवार.”

रंजिता आधी हसली. मग हसू थांबलं.

“अप्पा, हा माझा हाय का तुमचा?”

“तुझाच की. नावात काय हाय?”

“मग माझं घालायचं होतं.”

अडचणीत आला की चंद्रकांत मुद्दा बदलतो. “ते जाऊ दे. मी काय म्हणतो, हे बोलतंय की व्यवस्थित! कंपनीनं घालून दिलंय, चालू हाय. हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागायचं? उद्या कामावर जायचं आणि आज मोडून बसलीस तर?”

“वाईट नाहीच ते. मी कॉलेजात त्याच्यावरच शिकले. पण मला कामच दुसऱ्यावर करायचंय.”

आतून स्मिता शेंगदाणे भाजता भाजता म्हणाली, “दोन्ही ठेवता येत नाही का? एका घरात दोन चुली काय कमी बघितल्या आपण?”

“येतं की आई. पण शेजारी पेटलेली चूल असली की ओली लाकडं कोण फुंकतंय? अडलं की मी पळून त्या जुन्याकडं जाणार. आणि अप्पा मला पळू देणार.”

हे शेवटचं वाक्य चंद्रकांतला चांगलंच लागलं, कारण ते खरं होतं. पण खरं बोलणाऱ्यावर रागवायचं कसं? तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी जाऊन बसला. मदत करायची नाही ना, ठीक आहे. नुसतं बघायला कुणाच्या बापाची बंदी नव्हती.

प्राणेशने दिलेला पेनड्राइव्ह रंजिताने लावला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि एका बटणावर बोट टेकवून ठेवलं. पडद्यावर काळ्या चौकटीत चार ओळी उमटल्या, त्यातल्या निवडलेल्या ओळीवर एक उजळ पट्टी. कशावरून सुरू व्हायचं, ते यंत्र विचारत होतं. पण विचारत होतं ते नुसतं लिहून. संगणक अजून पुरता जागा झालेला नसतो तेव्हा त्याला वाचा नसते, हे चंद्रकांतला त्या दिवशी कळलं. ही जागा मुकी असणार हे रंजिताला प्राणेशने आधीच सांगून ठेवलं होतं. बाणाचं बटण किती वेळा दाबायचं तेही तिने कुणाकुणाला विचारून ठेवलं होतं. तिने बटण दाबलं, मान किंचित कलती करून थांबली.

पट्टी चुकीच्या ओळीवर होती. चंद्रकांतला ती ढळढळीत दिसत होती. आता ही एन्टर मारणार आणि भलतंच काही होणार. त्याने ओठ आवळले, गुडघा धरला, पायाचे अंगठे जमिनीत रुतवले. इतक्या वर्षांची सवय एका सकाळीत जाते होय?

“खाली! अजून एकदा खाली!”

रंजिताने बोटं बटणावरून उचलली. मग शांतपणे बाजूचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करून टाकला.

“हा प्रयत्न बाद.”

“बाद? बाद कशाला? एकदाच तर बोललो! कोण बघालंय इथं? तो प्राणेश काय आपल्या घरात बसलाय?”

“मी बसलेय की, अप्पा.”

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. रागाला राग देता येतो. पण तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, जसं चंद्रकांत स्वतः रोज माल बाद करताना कुणाला तरी सांगत असतो. कुणाचंही ऐकायचं नाही, शंभरात नव्व्याण्णव बरोबर असलं तरी नाही. अशा माणसांचा कारखान्यात सगळे किती राग करतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते वाण आपल्याच घरात उतरलंय आणि आपल्यावरच उलटलंय, हे कळल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

“मी बाहेर जाऊन बसू का?” त्याने पडेल आवाजात विचारलं.

“नको, हितंच बसा. पण गप बसा.”

दुसऱ्या खेपेला तिने पाठ केलेल्या आकड्यावर भिस्त ठेवली नाही. त्या मुक्या जागेपर्यंत पोहोचल्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा आपला फोन काढला, पडद्यासमोर धरला. फोन थोडा अडखळला, तिने तो जरा मागे घेतला, तिरका केला, आणि त्याने त्या चार ओळी घडाघडा वाचल्या. निवडलेली ओळ कोणती हे मात्र त्याला सांगता येईना. तिने बाण एकदाच दाबला, पुन्हा फोन धरला, पुन्हा ऐकलं, आणि त्याच्या सांगण्यातल्या बारीकशा फरकावरून पट्टी कुठे असेल ते ताडलं. तिथे बराच वेळ गेला. चंद्रकांतने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. स्मिता दारात येऊन बघत होती आणि पदराआड हसत होती, ते नवऱ्याला.

शेवटी तिने एन्टर मारला. क्षणभर काहीच नाही. मग लॅपटॉप बोलू लागला.

बोलू लागल्याबरोबर रंजिताने दोन गोष्टी केल्या. एक, आवाजाचा वेग इतका वाढवला की गिरणीत ज्वारी पडावी तशी नुसती घरघर ऐकू यायला लागली. आणि दुसरी, पडदा खाली ओढून पार बटणांवर झुकवला. तिला त्याचा काय उपयोग? चंद्रकांतने मान वाकडी करून फटीतून बघायचा प्रयत्न केला. नुसता पांढुरका उजेड.

“अप्पा, मान धरेल.”

तो सरळ बसला. आता त्याला दिसत काही नव्हतं, आणि ऐकू येत होतं ते कळत नव्हतं. पोरीची बोटं झरझर चालली होती. मध्येच ती थांबायची, भुवई उचलायची, ‘हं’ म्हणायची, पुढे जायची. समोर एवढं काय काय घडत होतं, आणि त्या सगळ्यात तो एकटा अडाणी. जीव नुसता कासावीस झाला.

“काय म्हणालंय ते?” न राहवून त्याने विचारलं. हळूच, शिक्षा होईल म्हणून भीत भीत.

“भाषा कुठली पाहिजे विचारालंय.”

“आणि आता?”

“आता गाव विचारालंय. घड्याळ लावायला.”

“आणि आता?”

ती न कंटाळता सांगत राहिली. एकेक ओळ, त्याला समजेल अशी सोपी करून. ताप असताना त्याने तिला भूगोलाचं पुस्तक वाचून दाखवलं होतं, तेव्हा तोही असाच मध्ये थांबून, नद्या-डोंगर सोपे करून सांगायचा. चंद्रकांतने बाहीने डोळे पुसले. तो काही फार हळवा माणूस नाही, शेंगदाण्याचा धूर झाला होता थोडा.

मग तिची बोटं थांबली. ती बापाच्या बाजूला वळली.

“अप्पा, आता विचारालंय, आधीचं सगळं पुसू का म्हणून. पुसलं की जुनं परत येणार नाही. लॅपटॉप तुम्ही घेतलाय. तुम्ही सांगा. ठेवायचं असलं तर शेजारी ठेवते, जागा हाय.”

ठेव म्हणावं, असं चंद्रकांतच्या अगदी ओठावर आलं. ते राहिलं तर कधीतरी पोर अडली की तो पडदा वर करील, चष्मा लावील, वाचून दाखवील. त्याच्या नावाने, त्याच्या पासवर्डने उघडणारं काहीतरी घरात राहील. पुसलं की तो या घरातला एक साधा डोळस माणूस उरणार होता, ज्याला लॅपटॉपमधलं काही कळत नाही. भीती पोरीची नव्हतीच. आपण लागेनासे होऊ, याची होती. हे आज पहिल्यांदा त्याने स्वतःशी कबूल केलं, आणि कबूल केल्यावर ती भीती अगदीच क्षुल्लक दिसायला लागली. बाप पोरीला चालायला शिकवतो तो काय जन्मभर बोट धरून ठेवायला?

आणि शेजारी बसलेली ती पोर बघा! एका शब्दापायी आपलंच काम बाद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारी.

“पूस,” तो म्हणाला.

“नक्की?”

“पूस म्हटलं की! कोपऱ्यात काय सुदीक ठेवू नको.”

तिने एन्टर मारला.

पुढे बराच वेळ वाट बघणं होतं. स्मिताने चटणी कुटली, चहा झाला. मध्ये एकदा यंत्राने नाव विचारलं तेव्हा रंजिताने ‘नाव विचारालंय’ एवढं सांगितलं आणि आपलं घातलं. दुपार व्हायच्या आत लॅपटॉप एकदा बंद होऊन पुन्हा चालू झाला, नव्या आवाजात बोलला, आणि तिने अशी लांबलचक शीळ घातली की शेजारची अक्का दार उघडून बघायला आली.

चंद्रकांतने कधी पोरीला समोर बसवून शाबासकी दिलेली नाही. आज दिली. डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “रंजू, मला लई अभिमान वाटला बघ.” तेवढं पुरलं. ती मान खाली घालून उगाचच बटणांवरून बोटं फिरवत राहिली.

संध्याकाळी तिने त्याच नव्या लॅपटॉपवर प्राणेशला द्यायचं टिपण लिहिलं आणि बापाला वाचून दाखवलं. मुकी जागा कुठली, फोन कुठे अडखळला, सगळं होतं. पहिलंच वाक्य होतं, “पहिला प्रयत्न बाद. कारण: वडील.”

“अगं, वडील काय वडील?” चंद्रकांत उसळला. “लिहायचंच तर नीट लिही. माझं नाव घाल.”

“घालू?”

“घाल. संपूर्ण घाल.”

तिने संपूर्ण घातलं.

सोमवारी पीण्यात चहाच्या वेळेला गिरीराजने त्याला गाठलं. शेजारच्या यंत्रावरचा हा गिरीराज. मुलीच्या नोकरीची आणि लॅपटॉपची कहाणी आठवडाभर त्याने सकाळ-संध्याकाळ ऐकलेली. “काय पवार, दिलास का मग शेवटी लावून?” त्याने कन्नडात विचारलं.

“मी?” चंद्रकांत एवढ्या मोठ्याने बोलला की चहाला जमलेले सगळे वळून बघायला लागले. “तिचं तिनं केलं सगळं, एकटीनं! सगळ्या कामात तिला एकच खोट सापडली, आणि ती खोट म्हणजे मी. नावानिशी लिहून दिलंय पोरीनं!”