गुणवंतरावांच्या बैठकीतला फोनो

मी एक जुना फोनो आहे. चावीचा, पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. आता मी थोडा भाव खाणार आहे मित्रांनो, तो खाऊ द्या, कारण पुढे भाव खाण्यासारखं काही उरत नाही.

माझा कर्णा एवढा मोठा की त्यात मांजर व्याईल! नागपूरच्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात गुणवंतरावांनी मला घेतलं आणि छोट्या रेल्वेने मांडीवर धरून ब्रह्मपुरीला आणलं. साल एकोणीसशे त्रेपन्न. गुणवंतराव सागवानाचे ठेकेदार होते. कुरखेड्याच्या लालसू सुताराकडून त्यांनी माझ्यासाठी खास मेज करवून घेतलं. त्याच्या पायांवर मोर कोरलेले होते. इतकं देखणं मेज त्यांच्या घरच्या देवालाही नव्हतं.

मेज आलं, मी बसलो आणि घराची वाटणी झाली. बैठकीत पुरुषांनी गाणं ऐकायचं. गुणवंतरावांच्या पत्नीने, म्हणजे कमळाबाईंनी, मला पुसायचं, बैठक सजवायची आणि माजघरात जायचं. चावीला हात लावायचा नाही.

"बाईमाणसाले आवाजातलं काय कळते?" गुणवंतराव म्हणायचे. "तिले झालर कळते."

कमळाबाईंनी खरंच झालर केली. लाल मण्यांची, पोपटांची. ती अंगावर घेऊन मी किती मिरवलो! पण शनिवारी बैठक भरली की त्या भिंतीपलीकडे लाखोळीची डाळ निवडत बसायच्या आणि गाणं सुरू झालं की सुपाचा आवाज थांबायचा. समोर बसून एक तबकडी पुरती ऐकावी, एवढंच त्यांना हवं होतं. हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

तुम्हाला दुसरं कोण सांगणार, मीच सांगतो: माझी सुई दर तबकडीला बदलावी लागते. गुणवंतराव मात्र झिजलेली सुई विळा परजायच्या दगडावर घासून पुन्हा लावायचे आणि म्हणायचे, नव्याहून सरस! एका शनिवारी हेडमास्तर भैयाजींनी पैज लावली. गुणवंतरावांनी पाठ करून बसायचं. भैयाजी एकच तबकडी दोनदा लावणार, एकदा नव्या सुईने, एकदा घासलेल्या सुईने. ओळखा!

दोन्ही वेळा वाजवून झालं. गुणवंतराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पहिली नवी."

"पहिली जुनी होती जी," माजघरातून आवाज आला. "गाण्यातला स घासून राह्यला होता."

भैयाजींनी सुई काढून पाहिली आणि मांडीवर थाप मारली. "अरे गुणवंतराव! तुमचा कान तं माजघरात बसून आहे! बोलवा ना वहिनीले बाहेर."

सगळे हसले. गुणवंतरावही हसले. पण मी त्यांच्या हाताजवळ होतो, माझ्या चावीवरची त्यांची बोटं पांढरी पडलेली मी पाहिली.

"या ना," ते गोड आवाजात म्हणाले. "बसा."

कमळाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत आल्या आणि सतरंजीच्या टोकाला बसल्या. माझ्यासमोर! पहिल्यांदा! भैयाजींनी तीनदा सुया बदलल्या. कमळाबाईंनी तीनदा बरोबर सांगितलं. देवाजी ठेकेदार तर "वा बाई, वा!" म्हणून उठूनच बसले. कमळाबाईंच्या तोंडावर असं हसू आलं होतं की मी म्हटलं, आता ही तबकडी पुरती वाजवायचीच.

"आता मी लावतो," गुणवंतराव म्हणाले. त्यांनी माझ्या अंगावरची झालर ओढली, तिचा बोळा केला आणि कर्ण्यात कोंबला. हाताने आत, आणखी आत. मणी तटातट तुटले. मग तबकडी लावली. "सांग, कोणती सुई?"

त्या पुढे वाकल्या. अजून वाकल्या.

"ऐकू येऊन नाई राह्यलं जी."

"पाहा!" गुणवंतरावांनी टाळी वाजवली. "हा बाईचा कान!"

बैठक खदखदून हसली. आधी वाहवा करणारे देवाजी सगळ्यांत मोठ्याने. भैयाजी खाली बघत पान लावत राहिले. आणि मी? मी आत गात होतो, पण मालकाच्या घरात मालकाची बाजू धरणारा मीही एक होतोच. कमळाबाईंनी सतरंजीवरचे मणी एकेक वेचले, पदरात घेतले आणि आत गेल्या.

त्यानंतर गुणवंतरावांनी मला कधीच वाजवलं नाही. भिंतीपलीकडे तो कान बसलेला आहे, हे त्यांना सहन होईना. चावी काढून त्यांनी ट्रंकेत घातली. कमळाबाईंना हुकूम झाला, दर शनिवारी कर्ण्यात कागदाची फुलं मांडायची. त्यांनी मांडली. इतकी सुरेख मांडली की वरोऱ्याचे पाहुणेही म्हणतात, "वहिनींच्या हाताले काय कला आहे हो!"

परवा त्यांच्या धाकट्या लेकीने, चंदाने, विचारलं, "माय, हा वाजत होता का वं?"

कमळाबाई फुलांवरची धूळ झटकत म्हणाल्या, "नाई. शोभेचाच आहे."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला फार जपतात. रोज पुसतात. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्यावर ओरखडे पडू द्या, झालर फाटू द्या, पण त्याची चावी आतल्या खोलीत नेऊन द्या. आजच द्या. पुढे चावी सापडते, पण मागणारी उरत नाही.