भिगवणचा पहिला नंबर

सोमनाथ मूळचा सणसरचा. त्यानं बारा वर्षं साखर कारखान्यावर चिटबॉय म्हणून काढली, म्हणजे कुणाचा ऊस, कुठली गाडी, किती मोळ्या, हे लिहायचं काम. पुढं ते काम सुटलं पण सवय सुटली नाही. लग्नात गेला की पंगतीतली पानं मोजी आणि मयतीला गेला की टोप्या. बायको म्हणायची, "देवानं तुमाला दोन डोळं दिल्यात, त्येबी तुमी एकदा मोजून घेतलं असतील."

अशा माणसाला बारामतीच्या एका संस्थेनं एड्स रोखण्याच्या कामावर घेतलं. साल शहाण्णव. सोलापूर रस्त्यावर भिगवणला ट्रक थांबतात. तिथं निरोधची पेटी ठेवायची, ड्रायव्हर लोकांशी दोन शब्द बोलायचे आणि दर गुरुवारी डॉक्टरीणबाई येत त्या दवाखान्यात गरजवंताला धाडायचं. यातलं बोलणं सोमनाथला जड जाई. 'त्या' विषयावर तोंड उघडलं की त्याची नजर समोरच्याच्या चपलांवर जाऊन बसे. भिगवणला थांबणाऱ्या निम्म्या ड्रायव्हरांना तो चपलांवरून ओळखायचा, चेहऱ्यावरून एकालाही नाही.

पण मोजणं! पेटी होती बानूबाईच्या खानावळीत, गल्ल्याशेजारी, बडीशेपेच्या वाटीलगत. रोज सकाळी सोमनाथ यायचा, पेटीत किती उरले ते मोजायचा, किती गेले ते रजिस्टरात लिहायचा आणि पेटी पुन्हा काठोकाठ भरून चालता व्हायचा. पहिल्या महिन्यात सातशे गेले. चौथ्यात अठराशे. वर्ष पुरं होताना महिन्याचा आकडा चार हजार शंभरावर जाऊन टेकला. इंदापूरच्या केंद्रावर नागेश नावाचा तरतरीत गडी होता, पण त्याची गाडी सहाशे चाळीसच्या पुढं सरकेना. संस्थेच्या प्रमुख ज्योत्स्नाताई दर महिन्याच्या बैठकीत दोन्ही आकडे फळ्यावर लिहायच्या. त्या लिहीत असताना नागेशला नेमकी तहान लागायची.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर पत्र आलं. सोमनाथनं जय भीम करून खुर्ची ओढली तोच ताई म्हणाल्या, "बसा. परदेशातली जी संस्था आपल्याला पैसे देते, ती आता कामाचा दर्जा बघणार आहे. दोन देशांतले कार्यकर्ते एकमेकांचं काम बघतील, एकमेकांकडून शिकतील. पुढच्या महिन्यात युगांडाहून एक बाई येतायत."

"येऊ द्या की, ताई."

"पुढचं ऐका. पुढची तीन वर्षं दोनातलं एकच केंद्र चालणार. दुसरं बंद."

सोमनाथ खुर्चीच्या कडेवर सरकला आणि मनात मोजायला लागला. गुरुवारच्या दवाखान्यात वर्षभरात दोनशे सात माणसं आली होती. त्यात एकोणतीस बायका अशा, की घरात न सांगता, मासळी आणायला जाते म्हणून निघालेल्या. भिगवणचा दवाखाना उठला तर त्या काही बारामतीला जाणार नव्हत्या. बारामतीच्या एस.टी.त निम्मा गाव भेटतो.

"घाबरता काय?" ताई हसल्या. "चार हजार शंभर कुठं आणि सहाशे चाळीस कुठं! तुमचा आकडाच बोलेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमनाथ हवेत तरंगतच उजनी धरणाच्या काठावर गेला. होड्या लागत होत्या. तात्याबा म्हणजे काठावरचे सगळ्यात जुने मासेमार. चिलापीची पाटी खाली ठेवून, कमरेपर्यंत भिजलेले, ते काठावर बसले. त्यांनी मुंडासं सोडलं, त्यातून लांबट, चकचकीत, गाठ मारलेलं काहीतरी काढलं, गाठ सोडली आणि आतून खडखडीत कोरडी बिडी काढून ओठात धरली.

"तात्या, ह्ये काय?"

"बिडी."

"बिडी दिसतीया. वरचं?"

"वरचं तुमचंच की! बानूच्या पेटीतलं. लई झ्याक वस्तू काढलीय बाबा. आदी पिशव्या व्हत्या, फाटायच्या. आता मानूस बुडंल पर बिडी वली व्हनार न्हाय. रोज दोन लागत्यात, एक बिडीला, एक काडीला."

"असं... किती जण करतात?"

"समदीच. पंचेचाळीस जाळी हायती काठावर."

पंचेचाळीस दुणे नव्वद. नव्वद गुणिले तीस, दोन हजार सातशे. सोमनाथच्या डोक्यात हिशेब आपोआप झाला. तो तात्याबांशेजारी टेकला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बिडी मागितली.

तिथून तो तडक खानावळीत गेला. "बानूबाई, तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय," बानूबाई कालवणाला फोडणी देत म्हणाल्या.

"मग बोलला का न्हाय?"

"तुमी इचारलं कवा? येता, पेटीत मुंडकं घालता, मोजता न् जाता. पेटी फुडं मानूसबी उभा असतोय, सोमनाथराव. त्येच्याकडं बगितलंय कदी?"

हे सोमनाथला लागलं. एवढ्या सरळ शब्दांत त्याला बायकोनंही ऐकवलं नव्हतं.

त्यानं ताईंना काही सांगितलं नाही. पण ज्यानं बारा वर्षं उसाच्या वजनातून पाचटाचं वजन वजा होताना बघितलं, त्याला पाचटासकट आकडा कसा पचावा? त्यानं खिशात मावेल अशी एक वही घेतली आणि महिनाभर गल्ल्याशेजारच्या बाकड्यावर ठाण मांडलं. जो पेटीत हात घाली त्याला विचारायचं, "कशाला नेताय?"

पहिले चार दिवस प्रश्न चपलांनाच विचारला गेला. मग उत्तरं अशी यायला लागली की मान वर करणं भाग पडलं. कुणी मनगटी घड्याळ झाकायला नेई. कुणी पोरांना फुगे म्हणून. आणि तमिळ मुलखातला एक ड्रायव्हर मोडक्या हिंदीत पाऊण तास बोलला, बायकोबद्दल, रस्त्याबद्दल, अंगावरच्या फोडाबद्दल. चहा दोनदा गार झाला. गुरुवारी तो ट्रक मुद्दाम थांबवून दवाखान्यात आला. त्या महिन्यात असे अकरा ड्रायव्हर आले. याआधी दवाखान्यात ड्रायव्हर महिन्याला तीनच यायचे, बाकी सगळी गावातली माणसं.

महिन्याअखेर वहीत बेरीज झाली. मासेमार, दोन हजार सातशे. फुगे, साडेचारशे. इतर कामी, तीनशे अडतीस. ज्या कामासाठी पाठवले त्या कामी, सहाशे बारा.

सहाशे बारा. नागेशपेक्षा अठ्ठावीस कमी.

आता सोमनाथनं अक्कल लढवली. इंदापूरच्या फोटो स्टुडिओतून कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या आणल्या, मोजून पंचेचाळीस, आणि काठावर वाटल्या. "चार दिस ह्यात ठेवा. पावनी येनार हाय."

दुसऱ्या दिवशी तात्याबांनी डबी परत केली. "काडी बसती, बिडी बसत न्हाय. कोरड्या काडीनं पेटवू काय? डोस्कं?"

"मग पावनीसमोर मुंडासं सोडू नका म्हंजी झालं!"

"न्हाय सोडत," तात्याबांनी शब्द दिला.

पाहुणी आली. बानूबाईंनी गोरी मडम येणार म्हणून ब्रेड आणि बाटलीतलं पाणी आणून ठेवलेलं. उतरली ती काळी, धिप्पाड, पन्नाशीची, खळखळून हसणारी नर्सबाई. अ‍ॅग्नेस नकाटो तिचं नाव. तिनं ब्रेड बाजूला सारला, चिलापीचं कालवण हातानं खाल्लं आणि काटे असे काढले की बानूबाई म्हणाल्या, "ही आपल्याच भाऊबंदातली दिसतीया."

जेवण झाल्यावर ताईंनी रजिस्टर उघडलं. चार हजार शंभर. नकाटोबाईंनी आकडा बघितला, मग खिडकीतून दिसणारं पाणी बघितलं आणि म्हणाल्या, "होड्या बघू या." ताईंनी मराठी करून सांगितलं.

काठावर तात्याबा शहाण्यासारखे मुंडासं घट्ट बांधून बसले होते. पण होडीपाशी पाहुणा आला आणि त्याला बिडी विचारली नाही, असं उजनीच्या काठावर आजवर घडलेलं नव्हतं. तात्याबांनी एकदा सोमनाथकडं बघितलं, एकदा पाहुणीकडं. चुळबुळ केली. शेवटी रीतीनं शब्दावर मात केली. मुंडासं सुटलं, गाठ सुटली आणि तात्याबांनी दोन्ही हातांनी बिडी पुढं केली.

"घ्या, बाई. कोरडी हाय."

नकाटोबाई त्या चकचकीत वस्तूकडं बघत राहिल्या.

ताई घाईघाईनं म्हणाल्या, "हे काय, सोमनाथ? असेल एखादा... असे किती आहेत?"

'एकच' म्हणायचं, बस. दवाखाना वाचला. सोमनाथनं तोंड उघडलं. पण ज्या तोंडानं जन्मात खोटी मोळी मोजली नाही, त्या तोंडातून आलं, "पंचेचाळीस."

आणि आता लपवायला उरलंय काय, म्हणून त्यानं खिशातली वहीही ताईंच्या हातात ठेवली. "खरा आकडा सहाशे बारा हाय, ताई. आपण दुसरे आलो."

ताईंनी पडेल आवाजात सगळं इंग्रजीत सांगितलं. नकाटोबाई इतक्या हसल्या की होडीचा काठ धरावा लागला. मग डोळे पुसून बोलायला लागल्या आणि ताई मागोमाग मराठी करत गेल्या. "त्या म्हणतात, त्यांचं गावही मोठ्या सरोवराच्या काठी आहे. तिथले मासेमार यात नोटा ठेवतात, काडेपेटी ठेवतात. दोन वर्षं त्यांचा आकडा सगळ्या जिल्ह्यात पहिला होता. दोन वर्षं त्याही पेटीच मोजत होत्या."

सोमनाथनं मान वर केली. "मग?"

"मग एक दिवस पेटीशेजारी बसून विचारायला लागल्या." ताईंनी वही उलटसुलट केली. "त्या विचारतायत, इंदापूरच्या सहाशे चाळीसांना कुणी विचारलंय?"

विचारलं नव्हतं. नागेशही पेटीच मोजत होता. तिथंही खरे सहाशे चाळीस असतील, नाहीतर साठ.

"त्या म्हणतात, दोन केंद्रांपैकी आपला आकडा माहीत असलेलं केंद्र एकच आहे." ताई आता जरा हसू लागल्या होत्या. "आणि विचारतायत, या पंचेचाळीस जणांशी आजाराबद्दल कोण बोललं?"

कुणीच नाही. रजिस्टरावर 'ट्रकचालक' छापलेलं, म्हणून मासेमारांशी बोलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पंचेचाळीस माणसांच्या डोक्यावर माल होता आणि डोक्यात काहीच घातलेलं नव्हतं.

"तर बिडीचे बंद करू का?" सोमनाथनं विचारलं.

नकाटोबाईंनी जोरात मान हलवली. ज्याच्या मुंडाशात वस्तू आधीच आहे, त्याच्याशी बोलायला सुरुवात करणं सगळ्यात सोपं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी तात्याबांची बिडी घेतली, एक झुरका मारला, सपाटून खोकल्या आणि जाताना सोमनाथच्या वहीतल्या चार पानांची नक्कल उतरून घेऊन गेल्या.

दोन महिन्यांनी निकाल आला. भिगवण चालू. अट एकच होती: मागच्या वर्षभराचे आकडे लाल शाईनं खोडून, खरे ठाऊक नाहीत असं सोमनाथनं स्वहस्ते लिहायचं. बारा महिन्यांचे बारा आकडे खोडताना त्याला बारा दाढा काढल्यासारखं झालं. सोबत युगांडाहून नवा तक्ता आला, दोन्ही देशांत चालणारा. त्यात पहिला रकाना होता 'मूळ काम' आणि दुसरा, 'इतर उपयोग'. इंदापूरचं केंद्र बंद झालं, पण तिथं पुढच्या वर्षापासून दर शुक्रवारी भिगवणचीच डॉक्टरीणबाई जाणार होती आणि नागेश आता भिगवणच्या बाकड्यावर बसून विचारायला शिकत होता.

एका सकाळी तात्याबा पेटीपाशी आले. दोन उचलले. सोमनाथनं 'इतर'मध्ये दोन लिहिले. तात्याबा घुटमळले, बानूबाईंकडं पाठ केली आणि हळूच तिसरा उचलला.

"ह्यो कशाला, तात्या?"

"थोरल्याला. मासळी घिऊन सोलापूरला ऱ्हातोय चार-चार दिस. त्या दिशी काठावर तुमी आजाराचं सांगितलं, त्ये म्या त्येला सांगितलं." मग जरा दरडावून, "लिव्ह की! बगतोस काय तोंडाकडं?"

सोमनाथ खरंच तोंडाकडंच बघत होता. त्यानं पेन उचललं आणि पहिल्या रकान्यात एक लिहिला.